बांध, मानस आणि आपली तब्येत

लग्न होऊन गोव्यातल्या माशेलला आले तेव्हा मानस म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हते. माझे माहेर डिचोलीकडे, डोंगर आणि खाणींच्या बाजूला. तिकडे शेताला पाणी म्हणजे पावसाचे, नाहीतर ओहोळाचे. इथे पहिल्याच पावसाळ्यात सासऱ्यांच्या मागोमाग खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, बांधावर गेले. एका बाजूला खाडीचे खारे पाणी, दुसऱ्या बाजूला त्या पाण्याहून सखल जमिनीत भाताची कोवळी रोपे, आणि मधे चिखलाचा बांध. बांधात एके ठिकाणी दगडी चौकट आणि तिला लाकडी दारे. हीच मानस. भरतीचे पाणी चढले की त्याच्याच दाबाने दारे मिटतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा दाब बाहेरच्यापेक्षा जास्त होऊन ती उघडतात आणि शेतात साठलेले पाणी खाडीत उतरते. रोज दोनदा, कोणी हात न लावता.

सासरे मात्र दारांकडे फारसे बघत नव्हते. ते वाकून बांधाची माती न्याहाळत चालले होते. कुर्लीचे, म्हणजे खेकड्याचे, बीळ दिसले की थांबायचे, ओंजळभर चिखल काढून आत कोंबायचे, वर टाच दाबायची आणि पुढे जायचे. मी विचारले, एवढ्याशा भोकाचे काय एवढे? ते म्हणाले, ‘लाट बांध फोडत नाही. कुर्ली फोडते. लाट फक्त शेवटी येते.’

वेलनेस, म्हणजे सर्वांगीण स्वास्थ्य, हा शब्द आता सगळीकडे ऐकू येतो. गोव्यात तर रस्त्याकडेच्या पाट्यांवरही तो दिसतो. तेल-मसाज, योगाचे आठवडे, गाळून घेतलेले रस, असे बरेच काही त्या नावाखाली विकले जाते. त्यातले काही चांगलेही असेल. पण या शब्दामागे जो विचार आहे तो समजून घेताना मला सर्वांत जास्त मदत झाली ती त्या बांधाची. म्हणून सांगायलाही तिथूनच सुरुवात करते.

आधी शब्दाची गोष्ट थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ साली अमलात आली. तिच्या सुरुवातीलाच म्हटले आहे की आरोग्य म्हणजे केवळ रोग नसणे एवढेच नाही, तर शरीर, मन आणि समाजातले जगणे या तिन्ही बाबतींत पूर्णपणे बरे असणे. त्यानंतर हॅल्बर्ट डन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी हा विचार पुढे नेला. जन्ममृत्यूच्या सरकारी आकडेवारीचे काम केलेला हा माणूस. त्यांनी १९६१ च्या पुस्तकात मांडले की माणूस ज्या परिस्थितीत राहतो त्या परिस्थितीत, सतत तोल सांभाळत आणि कुठल्यातरी दिशेने जात राहणे म्हणजे वेलनेस. १९७६ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या एका विद्यापीठात काम करणाऱ्या डॉ. बिल हेटलर यांनी त्याची सहा अंगे सांगितली: शरीर, भावना, बुद्धी, माणसे, काम आणि अध्यात्म. पुढे पेगी स्वारब्रिक यांनी मानसिक आजारातून सावरणाऱ्यांसोबत काम करताना पैसा आणि परिसर ही दोन अंगे धरून आठांची मांडणी केली. आज जिथे तिथे दिसणारी आठ पाकळ्यांची चित्रे तिथून आली.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. सुश्रुतसंहितेत निरोगी माणसाची व्याख्या आहे. दोष, अग्नी, धातू आणि मलक्रिया हे सगळे सम असावे, आणि आत्मा, इंद्रिये व मन प्रसन्न असावे, तो स्वस्थ. त्यातला ‘सम’ मला फार महत्त्वाचा वाटतो. आणि ‘स्वस्थ’ या शब्दाची फोडही बघा: स्व आणि स्थ, स्वतःच्या ठिकाणी असलेला. आपण रोज ‘जरा स्वस्थ बस’ म्हणतो तेव्हा त्यात नुसते गप्प बसणे नसते, आपल्या जागी परत ये असेही असते.

सम म्हणजे सारखे वाटे नव्हेत

इथे एक गैरसमज आधी दूर करायला हवा, कारण त्यातून चांगल्या माणसांना उगीच त्रास होतो. आम्हा शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात असे आठ पाकळ्यांचे चक्र भरायला दिले होते. प्रत्येक पाकळीला दहापैकी गुण द्यायचे, ठिपके जोडायचे, आणि आपले चाक किती वाकडे आहे ते बघायचे. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंचे बाळ सहा महिन्यांचे होते. झोपेला त्यांनी दोन गुण दिले, मैत्रिणींना एक, वाचनाला शून्य. मग त्या कागदाकडे बघत राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांना वाटले आपण नापास झालो.

त्या नापास झाल्या नव्हत्या. त्यांच्या आयुष्यातला तो ऋतूच तसा होता. आमचे खाजन पावसाळ्यात भात देते, कारण पावसाच्या पाण्याने जमिनीतला खारटपणा धुऊन निघतो. कापणी झाली की त्याच जमिनीत खारे पाणी घेतात आणि तिथे मासळी, सुंगटे (कोळंबी) वाढतात. श्रावणात त्या शेताकडे बघून कोणी म्हणत नाही की यात मासे नाहीत, हे शेत तोल गेलेले आहे. वर्षाचा हिशेब वर्षाने करायचा असतो. तान्हे बाळ, दहावीची परीक्षा, आईचे आजारपण, नव्या धंद्याची सुरुवात, या दिवसांत एक अंग सगळे पाणी ओढून घेते. घेऊ द्यावे. प्रश्न तेव्हा येतो जेव्हा ऋतू संपतो आणि दारे तशीच राहतात.

तसे खाजनातही होते. मानशीवर मासे धरण्याच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होतो. ओहोटीला पाणी बाहेर पडताना जाळे लावले की चांगली मासळी मिळते. ज्याने पावणीत पैसे मोजले त्याला साहजिकच जास्त मासळी हवी असते. मग काही ठिकाणी हवे त्यापेक्षा जास्त खारे पाणी आत घेतले जाते. मासळी वाढते, पैसा येतो, आणि बाजूची भाताची जमीन खारावत जाते. एकदा खारावलेली जमीन एका पावसात गोडी होत नाही. हॉटेलात ऑक्टोबरपासून मेपर्यंत एकही सुट्टी न घेणारा मुलगा, दोन पाळ्या करणारी परिचारिका, बोटीवर नऊ नऊ महिने राहणारा तारवटी, यांच्याकडे बघताना मला ते दार आठवते. कमाई खरी असते. गरजही खरी असते. आणि बाजूला काहीतरी खारावत असते.

भाईची साखर

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते.

माझा मोठा भाऊ, आम्ही त्याला भाई म्हणतो, खाणीवर ट्रक चालवायचा. स्वतःचा ट्रक होता. त्या वर्षांत डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत ज्याला त्याला ट्रक घ्यायचा होता, आणि बँका कर्ज देत होत्या. भाईने दुसरा ट्रक घेतला. २०१२ च्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही बंदी घातली. ट्रक अंगणात उभे राहिले, हप्ते चालू राहिले. पुढे बंदी उठली, थोडा काळ खनिजाची वाहतूक झाली, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. मार्चपासून पुन्हा सगळे थांबले. खाणींनी आमच्या विहिरी आटवल्या, शेतात माती आणली, रस्त्यावर धूळ केली हेही मी पाहिले आहे. मी आज त्या वादात शिरत नाही. मी एका माणसाबद्दल सांगते आहे.

त्या मधल्या काळात भाईला मधुमेह निघाला. गोव्यात ही काही जगावेगळी गोष्ट नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्वांत जास्त आढळले ते गोव्यात, २६.४ टक्के. देशाचा आकडा होता ११.४. म्हणजे आपल्याकडे चार मोठ्या माणसांमागे एकाला. तेव्हा घरात जे होते तेच आमच्या घरात झाले. वहिनीने भात कमी केला. मी मेथी, कारल्याच्या याद्या दिल्या. सकाळी चालायला जा म्हणून मागे लागलो. तो जायचाही. गोळ्या घ्यायचा. तरी तीन महिन्यांची साखर तपासली की आकडा वरच. डॉक्टर गोळी वाढवत होते आणि आम्ही सगळे त्याच्या ताटाकडे संशयाने बघत होतो. चोरून गोड खातोस का, असे मी त्याला एकदा विचारलेसुद्धा. त्याचे मला अजून वाईट वाटते.

एका रविवारी माहेरी गेले होते. संध्याकाळी सोप्यावर तो एकटाच बसला होता. आत खुंटीवर त्याचा पखवाज होता, त्यावर गवसणी, आणि गवसणीवर धूळ. आमच्या गावच्या भजनात हा माणूस वयाच्या चौदाव्या वर्षापासून वाजवतो. मी विचारले, भजनाला जात नाहीस? तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘न्हीद येना गो बाय.’ झोप येत नाही. आणि मग हळूहळू सगळे बाहेर आले. हप्ता भरायला म्हणून भजनातल्याच दोघांकडून त्याने पैसे घेतले होते. परत देता आले नव्हते. त्यांनी कधी मागितले नव्हते. पण त्यांच्यासमोर बसून वाजवायची त्याला लाज वाटत होती. म्हणून तो देवळात जाईना. घरी राहून टीव्हीसमोर उशिरापर्यंत बसायचा, रात्री अकराला जेवायचा, आणि पहाटे तीनला जागा होऊन छताकडे बघत पडायचा.

बांधाला भोक पडले होते पैशाच्या बाजूला. पाणी निघाले माणसांच्या बाजूने, मग झोपेच्या, आणि दिसले ते रक्तात. आम्ही ताटात चिखल कोंबत होतो.

शरीरात हे कसे घडते ते समजून घेण्यासारखे आहे, कारण लोकांना वाटते ‘टेन्शनने साखर वाढते’ हे नुसते बोलणे आहे. काळजी लागली की शरीराला वाटते संकट आले, पळायची किंवा लढायची वेळ आली. कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनॅलिन ही संप्रेरके वाढतात. ती यकृताला सांगतात, साठवलेली साखर रक्तात सोड, स्नायूंना लागेल. वाघ समोर असता तर ती साखर पळण्यात खर्च झाली असती. हप्त्याची तारीख समोर असते तेव्हा माणूस खुर्चीत बसलेला असतो आणि साखर रक्तात फिरत राहते. त्यात झोप कमी. पुरेशी झोप नसेल तर इन्सुलिनचा परिणाम मंदावतो, आणि भुकेचे संदेशही बिघडतात, म्हणून जागरणानंतर गोड-तेलकट खावेसे वाटते. ती जिभेची हाव म्हणून सोडून देण्याची गोष्ट नाही, शरीराची मागणी असते.

पैशाची चिंता विचारशक्तीवरही बसते. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. उसाचे पैसे वर्षातून एकदा, तोडणीनंतर येतात. संशोधकांनी त्याच शेतकऱ्यांच्या बुद्धीच्या चाचण्या तोडणीआधी, हात रिकामे असताना, आणि तोडणीनंतर, पैसे आल्यावर, अशा दोनदा घेतल्या. माणूस तोच, मेंदू तोच. तरी आधीचे गुण कमी आले. अडचणीतला माणूस चुकीचे निर्णय घेतो असे आपण सहज म्हणून जातो. त्याच्या डोक्याचा मोठा भाग त्या अडचणीनेच अडवलेला असतो, हे आपल्या लक्षात येत नाही. भाई गोळी घ्यायला विसरायचा तेव्हा आम्ही त्याला बेफिकीर म्हणायचो.

पुढे काय झाले ते साधे आहे. वहिनी त्या दोघांच्या घरी गेली. आमच्या माहेरात बायकांनी असे पैशाचे बोलायला जाणे सोपे नाही, पण ती गेली. एकाने म्हटले, अगो, मी कुठे मागितले? दुसऱ्याने महिन्याला थोडे थोडे घ्यायचे कबूल केले. जुना ट्रक विकला, थोडे नुकसान सोसले, बँकेशी बसून हप्ते लांबवले. आणि पुढच्या सप्ताहाला भाई देवळात जाऊन बसला. त्याची साखर गेली नाही. गोळ्या आजही चालू आहेत आणि राहतील. पण आकडा खाली आला, डॉक्टरांनी वाढवलेली गोळी कमी केली, आणि मुख्य म्हणजे तो रात्री झोपू लागला.

आधी उठणे, मग उभारी

इथे मला गोव्यातच झालेल्या एका कामाबद्दल सांगायचे आहे. जगभरचे डॉक्टर त्याचा दाखला देतात, आणि आपल्याकडे ते फारसे माहीत नाही. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली गोव्यात ‘संगत’ ही संस्था सुरू केली. अडचण अशी होती की नैराश्याचे रुग्ण भरपूर आणि मानसोपचारतज्ज्ञ मोजके. मग त्यांनी करून पाहिले की तज्ज्ञ नसलेल्या साध्या माणसांना नीट शिकवले, वर देखरेख ठेवली, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात बसवले तर उपयोग होतो का. पहिल्या मोठ्या प्रयोगाचे नाव होते ‘मानस’, मनशांती सुधार शोध, आणि त्याचे निष्कर्ष २०१० साली आले. आमच्या बांधावरच्या दारांचे आणि या प्रयोगाचे नाव एकच निघावे याचा मला फार आनंद वाटतो.

त्यानंतरचा प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. गंभीर नैराश्य असलेल्या ४९५ जणांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचाराबरोबर अशा समुपदेशकाच्या सहा ते आठ भेटी मिळाल्या. तीन महिन्यांनी भेटी मिळालेल्यांतले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आलेले आढळले, न मिळालेल्यांतले ३९ टक्के. त्या भेटींत काय व्हायचे? भूतकाळ उकरणे नाही, मोठे तत्त्वज्ञान नाही. समुपदेशक विचारायचा, पूर्वी काय करायला आवडायचे? आता काय बंद झाले? मग दोघे मिळून ठरवायचे: उद्या दहा मिनिटे अंगणात काम, परवा बहिणीला फोन, शनिवारी बाजार. करायचे, आणि केल्यावर कसे वाटले ते बघायचे.

यामागची कल्पना अशी. मन खचले की माणूस कामे सोडतो, भेटीगाठी टाळतो. ज्या गोष्टींतून थोडा आनंद, थोडे समाधान मिळत होते त्याच थांबतात. म्हणून मन आणखी खचते. आपण सगळे म्हणतो, बरे वाटले की जाईन. या उपचारात क्रम उलटा आहे. आधी जायचे, बरे वाटणे मागून येते. भाईने हे कुठे वाचले नव्हते. पण पखवाजावरची धूळ झटकली तेव्हा त्याने नेमके हेच केले.

म्हणून आठ अंगांच्या यादीत ‘माणसे’ हे एक अंग म्हणून लिहिलेले बघते तेव्हा मला ते कमी वाटते. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली सुरू झालेला एक अभ्यास आजही चालू आहे. तरुण मुलांना निवडून त्यांच्या साऱ्या आयुष्याचा माग ठेवला, पुढे बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली मुलेही त्यात आली. पन्नाशीत कोलेस्टेरॉल किती होते यापेक्षा, जवळच्या माणसांशी नाते किती समाधानाचे होते यावरून ऐंशीतली तब्येत अधिक चांगली सांगता आली, असे त्यांना आढळले. आपल्याकडे हे ज्ञान सणावारांत घालून ठेवले आहे. चवथीला गणपतीच्या डोक्यावर रानफळाफुलांची माटोळी बांधायला रानातून काय काय आणावे लागते, आणि ते आणायला चार घरची मुले एकत्र जातात. वास्कोचा दामोदर सप्ताह साथीच्या दिवसांत सुरू झाला आणि आजही चोवीस तास अखंड भजन चालते, पारांमागून पार, म्हणजे एका मंडळानंतर दुसऱ्या मंडळाची पाळी. साथीच्या भीतीत गावाने एकत्र बसायचे ठरवले, हे मला त्यातले सर्वांत मोठे वाटते. पण मुले परदेशी गेलेली, कुलूप लावलेल्या खोल्यांत एकटे आईवडील राहणारी घरे आता आमच्या वाड्यावरही आहेत. अशा घरी चवथीच्या दिवशीच जाऊन भागत नाही. मधल्या एखाद्या मंगळवारी, काही कारण नसताना जावे लागते.

बाकीच्या अंगांबद्दल थोडक्यातच सांगते. शरीराचे नियम सगळ्यांना माहीत आहेत: मोठ्यांनी आठवड्याला निदान दीडशे मिनिटे दमछाक न होता भरभर चालावे, दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, सात तास झोपावे. सुक्या मासळीवर आणि लोणच्यावर वाढलेल्या आम्हा लोकांना त्यातले मीठ जड जाते, पण करण्यासारखे आहे. बुद्धीचे अंग म्हणजे पदव्या नव्हेत. जत्रेच्या नाटकात दरवर्षी नवी भूमिका पाठ करणारा आमच्या गावचा किराणावाला त्या बाबतीत माझ्या पुढे आहे. अध्यात्म ज्याचे त्याने ठरवावे.

परिसराबद्दल मात्र थांबून एक गोष्ट म्हणायची आहे. वेलनेसचा विषय निघाला की सगळे ओझे एकट्या माणसाच्या डोक्यावर टाकले जाते. तू चाल, तू ध्यान कर, तू कमी खा. पण चालायला पदपथ नसेल, विहिरीचे पाणी प्यायच्या लायकीचे नसेल, रात्री दोनपर्यंत बाजूला कर्कश संगीत चालत असेल, तर त्या माणसाने काय काय करावे? खाजनाचा बांध कधीच एका शेतकऱ्याचा नव्हता. पूर्वी गावकरी, म्हणजे गावची सामाईक जमीन बघणारी जुनी संस्था, तो सांभाळायची, आता कुळांच्या संघटना सांभाळतात. माझ्या वाट्याचा बांध फुटला तर तुझ्या शेतात खारे पाणी येते, म्हणून तो सगळ्यांनी मिळून बांधायचा. तब्येतीतही बरेच काही तसेच आहे. पंचायतीच्या ग्रामसभेत जाऊन पाण्याचा प्रश्न विचारणे हेही स्वास्थ्याचेच काम आहे, असे मी मनापासून मानते. गोव्याचा सुशेगादपणा पर्यटकांना आळस म्हणून विकला जातो त्याचेही मला दुःख होते. पोर्तुगीज ‘सोसेगादु’, म्हणजे निवांत, शांत, यावरून तो शब्द आला. दुपारी दार ओढून घेणाऱ्या माणसाने पहाटेपासून शेतात नाहीतर होडीवर काम केलेले असायचे. ती त्याची ओहोटी होती.

स्वतःचा तोल बघायचा असेल तर मी चक्र भरायला सांगणार नाही. एक जुनी वही घ्या आणि आठवडाभर रात्री दोन ओळी लिहा: आज कशाने जीव दमला, आणि आज कशाने बरे वाटले. आठवड्याने वाचा. जिथे दुखते ते लगेच सापडेल. पण तिथे थांबू नका. त्याच्या एक पाऊल मागे जा. डोके दुखते, कारण झोप नाही. झोप नाही, कारण रात्री कामाचे फोन. फोन, कारण साहेबांना नाही म्हणता येत नाही. नाही म्हणता येत नाही, कारण घराचे कर्ज. कधी कधी तिसऱ्या किंवा चौथ्या पायरीवर बीळ सापडते. आणि मग एकच बुजवा. आठ अंगांची आठ संकल्पपत्रे करणाऱ्यांचे काय होते ते मी दर जानेवारीत शिक्षक खोलीत बघते.

मी स्वतः वही लिहिली तेव्हा ‘कशाने बरे वाटले’ ही ओळ सलग पाच दिवस कोरी राहिली. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, शाळा होती, घर होते. सहाव्या दिवशी मी नवऱ्याला म्हटले, गुरुवारची संध्याकाळ आईंजवळ तू बस. त्याने हो म्हटले, इतक्या सहज की मी आधी का विचारले नाही हेच कळेना. गुरुवारी मी मैत्रिणीबरोबर देवकीकृष्णाच्या देवळापर्यंत चालत जाऊन यायचे. तेवढेच.

एक गोष्ट वहीवर सोडू नये. दोन आठवडे किंवा जास्त मन उदास राहिले, कशातच रस वाटेना, झोप-भूक बिघडली, जगून काय करायचे असे विचार येऊ लागले, तर डॉक्टरांकडे जायचे. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. केंद्र सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरात ही सेवा सुरू केली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येते. पुन्हा तेच नाव, मानस. बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. तिथे जाणे म्हणजे वेड लागणे, असे आपल्याकडे अजून म्हणतात. ते थांबले पाहिजे. आणि कोणाचे काहीही ऐकून मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या किंवा मनाच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. बांध दुरुस्त होईपर्यंत पंप लागतो.

गेल्या आषाढात चिखलकाल्याला भाई आमच्याकडे आला होता. मैदानात लोक चिखलात लोळत होते, नाचत होते. दुपारी जेवण झाल्यावर तो म्हणाला, चल, तुमची ती मानस दाखव. सासरे आता नाहीत. बांधावर आम्ही दोघेच होतो, ओहोटी लागलेली, दारांमधून पाणी जोरात बाहेर पडत होते. तो बराच वेळ ते बघत उभा राहिला. परत येताना मी पुढे होते. मागे वळून पाहिले तर तो उकिडवा बसला होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात चिखल. बीळ बुजवून त्याने वरून टाच दाबली, खाडीच्या पाण्यात हात धुतले आणि घड्याळ बघितले. डिचोलीची बस साडेपाचची होती, आणि त्याला आठच्या भजनाला पोचायचे होते.